गंज दिसण्याआधी

मे महिना सरत आला की मुंबईत आणि सगळ्या कोकणपट्टीत घरोघरी एक काम निघतं. खिडक्यांचे गज, गॅलरीचं ग्रिल, गच्चीवरच्या टाकीची शिडी, सोसायटीचं फाटक, या सगळ्यांना पावसाआधी रंगाचा एक हात मारून घ्यायचा. रंगारी येतो, पॉलिश पेपरने वरवर घासतो, रेड ऑक्साइडचा हात देतो, वर ऑइलपेंट चढवतो. लोखंड चकाकू लागतं आणि आपण निर्धास्त होतो. गणपती येईस्तोवर कुठंतरी, बहुधा वेल्डिंगच्या जोडाशी किंवा गजाच्या कडेला, तांबूस ओघळ दिसायला लागतो. मग आपण म्हणतो, "रंगाने दगा दिला."

रंगाने दगा दिला हे खरं. पण तो त्या दिवशी दिला नाही. रंग बिघडायला लागणं आणि तो बिघडलेला आपल्याला दिसणं या दोन घटनांमध्ये कित्येक महिने जातात, कधी कधी वर्षं जातात. घरच्या ग्रिलच्या बाबतीत हे फारसं बिघडत नाही, पुन्हा एक हात मारला की भागतं. पण रंग तेलाच्या टाकीचा असेल, जमिनीखालून जाणाऱ्या गॅसच्या नळाचा असेल, समुद्रावरच्या पुलाचा किंवा जहाजाचा असेल, तर हा मधला काळ फार मोलाचा असतो. या काळात रंगाच्या पोटात काय चाललंय ते डोळ्यांना कळत नाही, विजेला मात्र कळतं. हे विजेचं मोजमाप कसं करतात आणि त्याचा आपल्याला काय उपयोग, याबद्दल आज मी बोलणार आहे. माझं बरंचसं आयुष्य हे आकडे वाचण्यात गेलं आहे, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

सुरुवात एका गैरसमजापासून करू. रंग म्हणजे लोखंडाला घातलेला रेनकोट, असं आपण समजतो. रंग पाणी अडवतो, म्हणून लोखंड गंजत नाही, असा साधा हिशोब. १९५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये केंब्रिजला मेन नावाच्या शास्त्रज्ञाने या समजुतीला धक्का दिला. रंगाच्या पातळ थरातून किती पाणी आणि किती प्राणवायू आरपार जातो, याचा त्यांनी हिशोब मांडला. उत्तर असं निघालं, की न रंगवलेलं लोखंड ज्या वेगाने गंजतं, त्याला पुरेल इतकं पाणी आणि इतका प्राणवायू बऱ्याचशा रंगांतून सहज झिरपतो! म्हणजे रेनकोट गळका आहे. मग रंगवलेलं लोखंड टिकतं कसं?

याचं उत्तर गंज म्हणजे काय, यात आहे. गंजणं ही रासायनिक क्रिया आहे हे आपण शाळेत शिकतो. पण ती तितकीच विजेची क्रिया आहे. लोखंडाच्या एका ठिकाणी धातू विरघळतो आणि इलेक्ट्रॉन मागे सोडतो. हे इलेक्ट्रॉन धातूमधूनच दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तिथं पाणी व प्राणवायू त्यांना घेतात. हा झाला अर्धा फेरा. फेरा पुरा व्हायला या दोन ठिकाणांमध्ये पाण्यातून विद्युतभारित कणांची, म्हणजे आयनांची, ये-जा व्हावी लागते. मिठाच्या पाण्यात असे कण भरपूर असतात, म्हणून समुद्राकाठी लोखंड लवकर गंजतं. चांगला रंग पाण्याला पूर्णपणे अडवत नाही, तो या आयनांना अडवतो. विजेच्या भाषेत सांगायचं तर गंजाच्या मंडलात रंग हा एक प्रचंड मोठा रोध बनून बसलेला असतो. मंडल पुरं होत नाही, म्हणून गंज चालत नाही.

एकदा हे लक्षात आलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. रंगाचं खरं काम वीज अडवण्याचं असेल, तर तो किती वीज अडवतो, हेच का मोजू नये?

हे काम अमेरिकेत बेकन, स्मिथ आणि रग या तिघांनी केलं आणि १९४८ साली प्रसिद्ध केलं. त्यांनी तीनशेच्या आसपास प्रकारचे रंगलेप समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवले आणि वेळोवेळी त्यांचा रोध मोजला. त्यातून एक साधा, लक्षात राहील असा नियम हाती आला. एक चौरस सेंटिमीटर रंगाचा रोध दहा कोटी ओहमच्या वर टिकून राहिला, तर तो रंग लोखंडाला सांभाळतो. तो दहा लाख ओहमच्या खाली आला, तर रंग वरून कितीही छान दिसो, खाली गंज सुरू झालेला असतो किंवा होण्याच्या बेतात असतो. मधले ते काठावरचे. या गोष्टीला पाऊणशेहून अधिक वर्षं झाली, उपकरणं कितीतरी पुढं गेली, पण हे दोन आकडे आजही माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात लक्ष्मणरेषेसारखे असतात.

आता तुम्ही म्हणाल, साध्या बॅटरीने रोध मोजता येतो, मग एवढं काय अवघड आहे? अडचण अशी की बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते. ती जास्त वेळ लावली तर ती स्वतःच रंगाखालच्या घडामोडी बदलून टाकते. ज्याची तपासणी करायची त्यालाच दुखवायचं, असं होतं. शिवाय तिच्यातून फक्त एक आकडा मिळतो. म्हणून पुढं संशोधक उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या, म्हणजे प्रत्यावर्ती विजेकडे वळले. अशा विजेला होणाऱ्या एकूण अडथळ्याला 'इम्पीडन्स' हे नाव ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली दिलं. मराठीत आपण त्याला संरोध म्हणतो.

प्रत्यक्ष चाचणी दिसायला अगदी साधी असते. रंगवलेल्या पत्र्यावर काचेची किंवा प्लास्टिकची रुंद नळी उभी चिकटवायची. तिच्यात मिठाचं पाणी भरायचं, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण समुद्राइतकं खारं. एक तार पत्र्याला जोडायची आणि दोन इलेक्ट्रोड पाण्यात सोडायचे. मग एक अगदी हलका, दहा-वीस मिलिव्होल्टचा झुलता दाब द्यायचा. टॉर्चच्या एका सेलमध्ये दीड व्होल्ट असतात, म्हणजे त्याच्या शंभराव्या भागाइतका. हा झोका आधी सेकंदाला लाखभर वेळा द्यायचा, मग हळूहळू मंद करत न्यायचा. शेवटी शेवटी एका झोक्याला शंभर सेकंद लागतात. प्रत्येक वेगाला किती वीज पार गेली, याची नोंद उपकरण ठेवतं.

रंग चांगला असेल तर पार जाणारी वीज इतकी थोडी असते, की ती ॲम्पिअरच्या एक लाख कोटीव्या भागात मोजावी लागते. वर पंखा फिरत असेल किंवा खिशात मोबाइल असेल, तरी काटा नाचायला लागतो. म्हणून हा सगळा मांडामांड पत्र्याच्या बंद पेटीत ठेवायचा. नवखे विद्यार्थी पहिल्यांदा हे पाहतात तेव्हा हसतात, धान्याच्या कोठीत प्रयोगशाळा!

या चाचणीत रंगाचे दोन गुण एकदम कळतात. पहिला गुण समजायला आपल्या छताच्या पंख्याचा कपॅसिटर आठवा. त्यात दोन धातूंचे पडदे आणि मध्ये वीज न वाहू देणारा पातळ थर असतो. आपल्या चाचणीतही तेच आहे. एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला मिठाचं पाणी आणि मध्ये रंग. म्हणजे रंगवलेला प्रत्येक पत्रा हा एक कपॅसिटरच आहे. त्याची वीज साठवण्याची क्षमता, म्हणजे धारिता, मधल्या पदार्थावर अवलंबून असते. या बाबतीत कोरड्या रंगाचा अंक तीन-चार ते सात-आठ इतका असतो, तर पाण्याचा ऐंशीच्या जवळ. त्यामुळे रंगात थोडंसं पाणी शिरलं तरी धारिता ताबडतोब वाढते. १९५४ साली ब्रॅशर आणि किंग्जबरी या दोघांनी त्याचं एक सूत्र मांडलं. त्यानुसार हिशोब केला तर रंगाच्या आकारमानाच्या एक टक्का पाणी शिरल्यावर धारिता साडेचार टक्क्यांनी वाढते, पाच टक्के पाणी शिरल्यावर जवळजवळ पंचवीस टक्क्यांनी. डोळ्यांना रंगात काडीचा फरक दिसत नसतो, तेव्हा विजेला आत शिरलेल्या पाण्याचं माप कळलेलं असतं.

पाणी शिरलं म्हणजे रंग गेला, असं मात्र नव्हे. बहुतेक रंग थोडं पाणी पितात आणि थांबतात. धोका दुसऱ्या गुणात दिसतो. चांगल्या रंगाच्या बाबतीत विजेचा झोका जितका मंद करावा तितका संरोध वाढत जातो. वेग दहापट कमी केला की अडथळा जवळजवळ दहापट वाढतो, कागदावर सरळ चढत जाणारी रेघ येते. रंगात बारीक वाटा पडल्या, आयनांना आत जायला चोररस्ता मिळाला, की ही रेघ चढता चढता एका ठिकाणी आडवी होते. वेग कितीही कमी करा, अडथळा आता वाढत नाही, कारण वीज त्या चोररस्त्याने निघून जाते. रेघ जिथं आडवी होते तो आकडा म्हणजे चोररस्त्याचा रोध. तो शंभर कोटींवरून दहा कोटींवर, दहा कोटींवरून एक कोटीवर येऊ लागला, की समजायचं, रंगाचे दिवस भरत आले.

पुढं काय होतं तेही विजेच्या क्रियेतूनच कळतं. जिथं प्राणवायू इलेक्ट्रॉन घेतो, तिथं अल्कली तयार होते. ती रंगाची लोखंडावरची पकड सोडवते. रंग सुटतो, त्याखाली पाणी साचतं, फुगवटे येतात. पत्रा रंगवण्याआधी त्यावर मीठ राहून गेलं असेल तर हे आणखी झपाट्याने होतं, कारण मीठ बाहेरचं पाणी रंगातून आत ओढून घेतं. बरणीत मीठ लावून ठेवलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं, त्यातलाच हा प्रकार. म्हणून आता मोठ्या कामांत रंगवण्याआधीही विजेची एक चाचणी करतात. साफ केलेल्या पोलादावर एक छोटी चिकटपट्टी लावायची, तिच्या पोकळीत इंजेक्शनच्या सुईने शुद्ध पाणी सोडायचं, ते परत ओढून घ्यायचं आणि त्यातून वीज किती वाहते ते पाहायचं. वीज जास्त वाहिली की समजायचं, मीठ शिल्लक आहे, अजून धुवा.

या मिठाचा एक अनुभव सांगतो. समुद्राकाठच्या एका कारखान्यात आग विझवण्याच्या पाण्याच्या दोन सारख्या टाक्या होत्या. एकच रंग, एकच कंत्राटदार, आतून-बाहेरून तेच काम. वर्षभराने तपासणीसाठी दोन्ही रिकाम्या केल्या, तेव्हा आम्हाला बोलावलं होतं. रंग वाळायच्या आत मोजायचं असतं, कारण वाळलेला रंग खोटा दिलासा देतो. आम्ही प्रत्येक टाकीत आठ-आठ ठिकाणी मोजलं. पहिल्या टाकीत आठही ठिकाणी आकडा शंभर कोटींच्या वर. दुसऱ्या टाकीत पाच ठिकाणी तो दहा लाखांच्या आसपास घसरलेला. दिसायला दोन्ही टाक्या सारख्याच, बॅटरीचा झोत टाकला तर भिंतीत आपलं तोंड दिसावं.

कारखान्याचे व्यवस्थापक भले गृहस्थ होते, पण त्यांना हे पटेना. "अहो, रंग आरशासारखा आहे. तुमच्या यंत्रावर विश्वास ठेवून मी पुन्हा रंगकामाचा खर्च कसा मागू? वर विचारतील, खराब कुठं झालाय ते दाखवा. काय दाखवू?" त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. कागदावरची आडवी रेघ मुख्य कचेरीत दाखवून पैसे मिळत नाहीत.

तिथं रंगकामाचे जुने मुकादम उभे होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. ते इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "साहेब, या टाकीचे पत्रे घासून झाले तेव्हा अंधार पडला होता. प्रायमर दुसऱ्या दिवशी दुपारी मारला. रात्रभर खारा वारा लागलाय त्यांना. पहिल्या टाकीचे पत्रे घासले त्याच दिवशी रंगवले होते." आमच्या यंत्राने जे सांगितलं होतं त्याचं कारण भाऊंनी दोन वाक्यांत सांगून टाकलं.

तरी पुन्हा रंगवायचं काही ठरलं नाही. ठरलं ते एवढंच, की दुसरी टाकी नेहमीप्रमाणे तीन वर्षांनी न उघडता सहा महिन्यांनी उघडायची. सहा महिन्यांनी ती उघडली तेव्हा भिंतीवर ज्वारीच्या दाण्याएवढे फोड दिसू लागले होते. फोडांखालचं पोलाद काळवंडलं होतं, पण त्याची जाडी तेवढीच होती. टाकी घासून, गोड्या पाण्याने धुऊन, त्याच दिवशी प्रायमर मारून नव्याने रंगवली. तीन वर्षं थांबले असते तर पत्रे बदलावे लागले असते. आणि आगीच्या वेळी ज्या पाण्यावर भरवसा ठेवायचा, ती टाकी गळकी निघाली असती. यंत्राने चमत्कार केला नाही. यंत्र आणि भाऊ या दोघांनी मिळून वेळ मिळवून दिला, इतकंच.

असा वेळ हाताशी नसला तर काय होतं, याची उदाहरणं जगात आहेत. डिसेंबर १९९९ मध्ये 'एरिका' नावाचं तेलवाहू जहाज फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ वादळात मधोमध तुटलं. सुदैवाने त्यावरचे सव्वीसही जण वाचले, ते भारतीय होते. पण सुमारे वीस हजार टन जड तेल समुद्रात गेलं आणि लांबवर किनारा काळा झाला. जहाजाच्या समतोलासाठी समुद्राचं पाणी भरतात त्या टाक्यांमध्ये गंज लागून सांगाडा कमकुवत झाला होता, हे चौकशीत पुढं आलं. या टाक्या अंधाऱ्या आणि अडचणीच्या असतात, तिथं माणूस सहसा जात नाही. २००६ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नव्या जहाजांच्या अशा टाक्यांच्या रंगकामासाठी नियम केले. रंग पंधरा वर्षं टिकेल असा हवा आणि रंगवण्याआधी पोलादाच्या एका चौरस मीटरवर पन्नास मिलिग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, असं त्यात म्हटलं आहे. भाऊंच्या खाऱ्या वाऱ्याला मिळालेलं हे आंतरराष्ट्रीय उत्तरच म्हणायचं.

जिथं माणूस जाऊच शकत नाही अशी दुसरी जागा म्हणजे जमिनीखालचे नळ. गॅसचे, पेट्रोलचे, पाण्याचे शेकडो किलोमीटर लांबीचे नळ मातीखालून जातात. नळ खाली सोडण्याआधी त्यावरून काही हजार व्होल्टचा ब्रश किंवा कडं फिरवतात. लेपाला सुईएवढं भोक असेल तरी तिथं ठिणगी पडते आणि घंटी वाजते. इंग्रजीत अशा भोकाला 'हॉलिडे' म्हणतात. जणू रंगाऱ्याने तेवढ्या जागेपुरती सुट्टी घेतली होती!

नळ पुरल्यावर मात्र वेगळी युक्ती लागते. तिचं मूळ दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. १८२४ साली सर हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमारासाठी दाखवून दिलं, की जहाजाच्या तळाच्या तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला तर तो तुकडा झिजतो आणि तांबं वाचतं. तांबं वाचलं खरं, पण त्यावर शेवाळ आणि शिंपले इतके वाढले, की जहाजांचा वेग मंदावला! पुरलेल्या नळाला मात्र हा उपाय छान लागू पडला. नळाला बाहेरून थोडा विद्युतप्रवाह देऊन त्याचा दाब ठरावीक पातळीवर ठेवतात. तांब्याच्या प्रमाण इलेक्ट्रोडशी तुलना करता तो उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून खाली हवा. महामार्गाच्या कडेने, शेताच्या बांधावर ठरावीक अंतरावर रंगीत खुंट दिसतात, त्यातले बरेचसे हा दाब मोजण्यासाठी असतात. लेप जिथं फाटला असेल तिथं हा प्रवाह मातीतून नळात शिरतो. मग दोन माणसं, किंवा एकच माणूस हातात दोन काठ्यांसारखे इलेक्ट्रोड घेऊन, नळाच्या रेषेवरून चालत जातो. प्रवाह ठरावीक तालात चालू-बंद होत असतो. काटा हलला नाही तर लेप शाबूत. काटा उडी मारायला लागला आणि एका जागेपलीकडे जाताच उलट्या दिशेने उडी मारू लागला, तर बरोबर त्या जागेखाली भोक. मग तेवढाच खड्डा खणायचा. एरवी सगळा रस्ता उकरावा लागला असता.

घरातही हे शास्त्र आलेलं असतं, फक्त आपल्याला ठाऊक नसतं. तांब्यापितळेच्या भांड्यांना आपल्याकडे कल्हई करत. कल्हई उडाली की ताक कळकायचं, आणि ती उडाल्याचं कळायचं तेही बहुधा ताक कळकल्यावरच! आज आपण डबाबंद आमरस किंवा थंड पेयाचा कॅन आणतो, त्याच्या आतूनही पातळ लेप असतो. कॅनच्या कारखान्यात नमुन्याचे डबे मिठाच्या पाण्याने भरतात, काही व्होल्टचा दाब देतात आणि किती मिलिॲम्पिअर वीज वाहते ते बघतात. वीज वाहिली म्हणजे लेपात उघडी जागा आहे. ताक कळकायची वाट पाहावी लागत नाही.

या मोजमापाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नळी जिथं चिकटवली तेवढ्याच जागेचं ते बोलतं. एकाच डब्यातला रंग, एकाच पत्र्यावर लावला तरी शेजारशेजारच्या दोन चौरस सेंटिमीटरांचा रोध वेगळा निघू शकतो. म्हणून अनेक जागा निवडाव्या लागतात. हवा तापली की आकडा बदलतो. आणि एका दिवशीच्या एका आकड्यावरून निकाल द्यायचा नसतो. रक्तदाबासारखंच आहे हे. डॉक्टर एकदा मोजून थांबत नाहीत, महिन्या-दोन महिन्यांच्या नोंदी मागतात. रंगाचाही आलेख कसा उतरतोय, ते पाहायचं असतं.

हे सगळं आपल्याला परदेशातून आयात करायचं आहे, असंही नाही. तमिळनाडूत कराईकुडी इथं केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आहे. अळगप्पा चेट्टियार यांनी दिलेल्या जमिनीवर आणि देणगीतून ती उभी राहिली. १९४८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. गंज हा तिच्या अभ्यासाचा मोठा विषय. तिथून काही तासांच्या अंतरावर पांबनचा पूल आहे. रामेश्वरची यात्रा केलेल्या कितीतरी मराठी माणसांनी त्या पुलावरून जाताना खिडकीतून खाली समुद्र पाहिला असेल. १९१४ साली सुरू झालेला हा पूल शंभर वर्षांहून अधिक काळ खाऱ्या वाऱ्यात उभा राहिला, तो घासून, रंगवून, भाग बदलून. अखेर गंजाने त्याचा उघडणारा भाग कमकुवत झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरच्या गाड्या थांबवल्या गेल्या. ६ एप्रिल २०२५ रोजी शेजारच्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं. त्याच्या पोलादावर पॉलिसिलॉक्सेन या आधुनिक रसायनाचा लेप आहे. लेप उत्तम आहे, यात शंका नाही; पण वारा तोच आहे आणि मीठही तेच आहे.

म्हणून माझं एक साधं मागणं आहे. सार्वजनिक पूल, पाण्याच्या टाक्या, नळ यांच्या रंगकामाच्या निविदेत रंगाची छटा लिहिलेली असते, थराची जाडी लिहिलेली असते, किती हात द्यायचे तेही असतं. त्यात आणखी दोन ओळी याव्यात. रंगवण्याआधी मीठ मोजलं का, आणि रंगवल्यावर पहिल्या वर्षी, तिसऱ्या वर्षी, पाचव्या वर्षी त्याचा संरोध किती भरला. हे आकडे कुणालाही पाहता यावेत असे नोंदवहीत राहावेत. मोजण्याचा खर्च रंगाच्या खर्चापुढं किरकोळ आहे. अडचण पैशाची कमी आणि सवयीची जास्त आहे. आपल्याला तांबूस ओघळ दिसल्याशिवाय हालायची सवय नाही.

आणि घरच्या ग्रिलचं काय? तिथं यंत्र नको, भाऊंचं शास्त्र पुरेसं आहे. आधी गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. गंज खरवडून निघेपर्यंत घासा. घासल्या दिवशीच प्रायमर लावा, उद्यावर ढकलू नका. कडा आणि वेल्डिंगचे जोड यांवर रंग पातळ बसतो, म्हणून तिथं आधी ब्रशने एक जादा हात द्या, मग बाकीचं रंगवा. रंगारी घाई करत असेल तर त्याच्याजवळ उभे राहा. त्याला चहा द्या, पण हे करून घ्या. वरचा रंग हिरवा की निळा, हे त्यानंतर ठरवलं तरी चालेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)